टॅकेटांच्या बंदुकीचा जळफळाट

बोलतेय ती मी, टॅकेटांची बंदूक. आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. लोक मला गुणी म्हणतात, बिनचूक म्हणतात, शंभर वर्षांची झाली तरी ठणठणीत म्हणतात. ते सगळं खरं आहे. पण उभ्या आयुष्यात मी मनापासून काही केलं असेल, तर एकाचा हेवा केला. त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय माझी गोष्ट पुढे सरकायची नाही.

तो म्हणजे आमच्या घरातलं रिव्हॉल्व्हर. तुम्ही त्याला ‘ते’ म्हणत असाल. मी ‘तो’ म्हणते, कारण तो माझा भाऊ. थोरल्या टॅकेटांनी, म्हणजे सायलसनी, आम्हाला एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतलं. दुकानदारानं दोघांनाही फळीवर मांडलं आणि म्हणाला, “या दोघांचं पोट एकच आहे बघा. दोघंही चव्वेचाळीस-चाळीस खातात. पट्ट्यात एकाच जातीची काडतुसं ठेवायची. जवळचं असलं तर याच्यात घाला, लांबचं असलं तर हिच्यात. थंडीत बोटं गारठली तरी चुकायची भीती नाही.”

सायलस हसले. “म्हणजे दोन घोडे आणि चारा एकच.”

मला तेव्हाच ते बोलणं आवडलं नाही. चारा एक असला तरी काम एक नव्हतं. तेच काडतूस त्याच्या वीतभर नळीतून सुटलं की तीस पावलांवर कुठंतरी जातं. माझ्या लांब नळीतून सुटलं की शंभर पावलांवर जिथं सांगाल तिथं. माझ्या मुठीखाली कडीसारखी लिव्हर आहे. ती खाली ओढून वर घेतली की रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते आणि पुढचं काडतूस नळीत जाऊन बसतं. कर्र, खट्ट. दहा वेळा कर्र-खट्ट, श्वास न घेता. त्याच्यात धड सहासुद्धा भरत नाहीत. पाच भरतात आणि एक घर रिकामं ठेवतात, चुकून उडू नये म्हणून. असल्या भित्र्याचं आयुष्यभर कौतुक झालं.

सायलसनंतर आम्ही त्यांच्या मुलाकडे, ऑर्व्हिलकडे आलो. पावडर नदीच्या काठावरची ती रँच, तीनशे गुरं, आणि वर्षातले सहा महिने वारा. ऑर्व्हिल फार कमी बोलायचा. सकाळी उठला की आधी पट्टा बांधायचा, मग टोपी, मग कॉफी. पट्ट्यात तो. दर शनिवारी ऑर्व्हिल त्याला मऊ फडक्यावर घेऊन बसायचा, तेल द्यायचा, त्याची मूठ तळहातानं चोळायचा. लग्नाच्या फोटोतसुद्धा नवरीच्या आणि ऑर्व्हिलच्या मध्ये तोच चमकतोय.

मी कुठं होते? खोगिराला बांधलेल्या चामड्याच्या म्यानात, घोड्याच्या घामात. नाहीतर स्वयंपाकघराच्या दाराआड, झाडूशेजारी. हिवाळ्यात घरात शिजलं ते हरणाचं मांस मी आणलं. वासरांवर टपलेले कोल्हे मी हाकलले. त्यानं काय केलं? पायरीजवळ एक साप मारला. एक! तो साप पाहुण्यांना तीस वर्षं ऐकवला गेला, आणि दर वर्षी वीतभर वाढला.

एकदा ओढ्यावरच्या बर्फात घोडा घसरला आणि मी खाली चिरडले गेले. नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण वाकली. तेव्हापासून माझी गोळी जराशी उजवीकडे जाते. ऑर्व्हिलनं हातोडीनं दोनदा ठोकून बघितलं आणि म्हणाला, “राहू दे. जरा डावीकडे धरलं की झालं.” भावाच्या मुठीला नुसता चरा पडला होता, तर त्याच्यासाठी गाडी काढून थेट कॅस्पर शहरापर्यंत गेला होता हा माणूस.

ऑर्व्हिलला दोन मुलं. मोठी नेड्रा, तीन वर्षांनी धाकटा डॉयल. नेड्रा बापाच्या वळणावर गेलेली. तारेचं कुंपण, वासरांना तापल्या लोखंडाचे डाग, गवताचे भारे, सगळ्यात पुढे. ती वापरायची मला, पण जशी पहार वापरतात तशी. काम झालं की दाराआड.

डॉयल निराळा. सोळा-सतराव्या वर्षी दोन शरद ऋतू शिकारीला मी त्याच्या हातात होते. तो माझ्याशी बोलायचा. “चल गं म्हातारे, आज तरी लाज राख,” म्हणायचा, आणि नेम लागला की दस्त्यावर थोपटायचा. पाऊस आला तर स्वतःचं जाकीट काढून माझ्यावर टाकायचा. त्या दोन वर्षांत मी भावाला विसरले होते, खरंच सांगते. मला वाटलं, आपलं माणूस मिळालं.

अठराव्या वर्षी डॉयल कॅस्परला निघून गेला, शेतीची यंत्रं विकणाऱ्या दुकानात नोकरीला. जाताना स्वयंपाकघरात आईला मिठी मारली, कुत्र्याला कुरवाळलं. दाराआड बघितलंसुद्धा नाही. मी तिथंच होते, एका हाताच्या अंतरावर.

पुढे आई गेली. मग ऑर्व्हिल आजारी पडला. चौदा महिने नेड्रानं त्याचं सगळं केलं, आणि गुरंही सांभाळली. तिनं लग्न केलं नाही. करायला वेळ कुठं होता? डॉयल महिन्यातून एखाद्या रविवारी यायचा, बापाच्या खोलीत तासभर बसायचा आणि निघून जायचा. त्या खोलीत काय बोलणं व्हायचं मला माहीत नाही. मी दाराआड.

ऑर्व्हिलला पुरल्यावर दुसऱ्या दिवशी डॉयल पट्ट्यासकट माझ्या भावाला घेऊन गेला. “बाबांनी मला दिलंय,” एवढंच म्हणाला. नेड्रा म्हणाली, “ने.” एवढंच.

गाडीची धूळ बसल्यावर नेड्रानं मला दाराआडून काढलं आणि टेबलावर ठेवलं. मग बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, “राबले मी. आणि कमरेवरचं त्याला? मला हे दाराआडचं?”

ते ‘दाराआडचं’ म्हणजे मी. तुम्हाला कुणी तोंडावर असं म्हटलंय कधी? मला राग यायला हवा होता. पण मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की ही माझ्याच जातीची आहे. काम हिचं, कौतुक दुसऱ्याचं. त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून जळायला लागलो.

एकोणीस वर्षं बहीण-भाऊ धड बोलले नाहीत. नाताळचं कार्ड यायचं, त्यावर नुसतं नाव. पण जळण्यात एक जोर असतो. नेड्रा रोज संध्याकाळी काम संपलं की मला घेऊन कुंपणाशी जायची आणि डबे उडवायची. रिकाम्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी घालून काडतुसं घरीच भरायची. आमच्या काडतुसाची पुंगळी मानेशी कागदासारखी पातळ असते. हात जरा जड पडला की चुरगळते. सुरुवातीला दहातल्या चार चुरगळायच्या आणि नेड्रा अशा शिव्या घालायची की कुत्रं टेबलाखालून उठून जायचं. पुढे पुढे हात असा हलका झाला की शंभरात एकही फुकट जाईना.

तालुक्याला दर जूनमध्ये जुन्या चालीच्या नेमबाजीची स्पर्धा भरू लागली. सगळे आजोबांच्या टोप्या, आजोबांचे बूट घालून येणार, लोखंडी पत्र्यांवर गोळ्या झाडणार आणि वर बीन्स आणि भाजलेलं बीफ खाणार. नेड्रा बंदुकीच्या फेरीत उतरायची. पाच वर्षांत तिसरी, दुसरी, मग सलग तीनदा पहिली आली. ती आणि मी.

तिथंच डॉयलही यायचा. कमरेला माझा भाऊ. आणि एका वर्षी त्याच्या हातात बघते तर काय, मी! म्हणजे माझी नक्कल. नवी कोरी, चकचकीत, परदेशी कारखान्यातली. तोच दस्ता, तीच लिव्हर, तेच चव्वेचाळीस-चाळीसचं पोट. भावाच्या जोडीला शोभावी म्हणून आणलेली. भाऊ तिच्या शेजारी ऐटीत लटकत होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली. एक वेळ मला विसरलास ते चाललं, पण माझ्यासारखी दुसरी आणलीस?

नेड्रा म्हणाली, “बघितलंस? पैशानं आणली.” ती माझ्याशी बोलली, असं पहिल्यांदाच.

पुढच्या जूनमधली गोष्ट. स्पर्धेचा पंच बर्डेट फेन, आमचा शेजारी, गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा. त्यानं नावं पुकारली. डॉयल पुढे झाला, नक्कल खांद्याला लावली, चाप ओढला. टिक्. गोळी उडाली नाही. नळी पत्र्यांकडेच धरून त्यानं थोडं थांबून बघितलं, मग लिव्हर ओढून दुसरं काडतूस घेतलं. टिक्.

बर्डेटनं तिला रिकामी करून, उलटी-सुलटी करून बघितलं. “आतली सुई मोडली राजा. आज काही ही बोलत नाही.”

मी हसले असते, पण मला तोंड नाही.

“माझी घे,” बर्डेट म्हणाला. “पंचेचाळीसची आहे. काडतुसंही देतो.”

“नको,” डॉयल म्हणाला. “माझ्या पट्ट्यात सगळी चव्वेचाळीस-चाळीसच आहेत.”

“अरे, देतोय ना मी! माझी काय विषारी आहेत का?”

डॉयल चालत आमच्याकडे आला. त्या मैदानावर चव्वेचाळीस-चाळीसची दुसरी बंदूक एकच होती. नेड्रानं मला छातीशी धरलं होतं. तो समोर उभा राहिला, टोपी काढली. डोक्यावरचे केस पातळ झाले होते.

“ताई,” तो म्हणाला. एकोणीस वर्षांत त्यानं तिला अशी हाक मारली नव्हती. “एका फेरीपुरती ही देतेस?”

“का? बर्डेट देतोय की.”

“मला ही हवी.”

“तुझी ती विलायती नटवी कुठं गेली?”

“मोडली. हस ना. हस पोटभर. पण दे.”

नेड्रा हसली नाही. सगळे बघत होते. बर्डेट म्हणाला, “नेड्राबाई, द्यायची तर द्या, नाहीतर नाही म्हणा. तिकडे बीफ करपतंय.”

तिनं मला पुढे केलं. “पाडलीस तर बघ.”

माझ्या दस्त्याला त्याचा हात लागला. छत्तीस वर्षांनी. हात जाड झाला होता, पण अंगठा तिथंच गेला, जिथं जायचा. त्यानं आपल्या पट्ट्यातली दहा काडतुसं एकेक करून माझ्या पोटात सरकवली. गाल दस्त्याला टेकवला, आणि नळी केसभर डावीकडे नेली.

कर्र, खट्ट. ठण्ण. कर्र, खट्ट. ठण्ण. दहाच्या दहा. एकही पत्रा गप्प राहिला नाही. मी दगा देऊ शकले असते असं तुम्हाला वाटेल. बंदुकीला ते जमत नाही. आणि जमलं असतं तरी त्या घटकेला मी दिला नसता.

तो परत आला तेव्हा नेड्रा त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“डावीकडे धरायचं तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? दोन वर्षं हिच्याबरोबर डोंगर तुडवलेत मी. विसरलीस?”

“मग एवढी लाडकी होती तर नेली का नाहीस? रिव्हॉल्व्हर बरं नेलंस!”

डॉयलनं मला तिच्या हातात परत दिलं. मग बुटाच्या टोकानं माती उकरत म्हणाला, “मी हीच मागितली होती.”

“काय?”

“बाबांच्या खोलीत. शेवटच्या रविवारी. म्हटलं, बाबा, मला बाकी काही नको, ती दाराआडची बंदूक द्या. ते म्हणाले, नाही. नेड्रानं केलंय त्याच्या तोलाची या घरात एकच वस्तू आहे. या घराला जिनं जगवलं ती. ती तिचीच. तू हे कमरेवरचं ने, दिसायला बरं आहे.”

नेड्रा मटकन गवताच्या भाऱ्यावर बसली.

“असं म्हणाले?”

“अगदी असंच. इतकी वर्षं हे कमरेला बांधतोय, आणि बांधताना रोज ते वाक्य ऐकू येतं. दिसायला बरं आहे.” तो हसला, पण त्याचा चेहरा हसत नव्हता. “तुला सांगितलं नाही त्यांनी?”

“ते कधी काय बोलले, डॉयल? कॉफी गार आहे, याच्यापलीकडे ते माझ्याशी काय बोलले?”

ती रडायला लागली. रँचवर वासरं मेली, आई गेली, बाप गेला, तेव्हा मी तिला रडताना बघितलं नव्हतं. डॉयल शेजारी बसला. त्याला काय करावं सुचेना, म्हणून त्यानं आपला रुमाल काढला, आणि तो तेलानं माखलेला निघाला. ते बघून ती रडता रडता हसली.

आणि मी? ऑर्व्हिलनं माझ्याबद्दल असं म्हटलं होतं! ज्याच्यावर मी चाळीसेक वर्षं धुसफुसले, तो मला घराला जगवणारी म्हणाला होता. आणि जो मला टाकून गेला असं धरून बसले, त्यानं मलाच मागितलं होतं. मी डॉयलच्या कमरेकडे बघितलं. भाऊ मान खाली घालून म्यानात बसला होता. त्यानंही ते वाक्य रोज ऐकलं असणार. त्या दिवशी मला त्याची पहिल्यांदा दया आली. फार वेळ नाही, पण आली.

निकाल लागला तेव्हा डॉयल पहिला, नेड्रा दुसरी. दोघांचे पत्रे सारखेच, पण तो अर्ध्या सेकंदानं पुढे.

“माझ्याच बंदुकीनं मला हरवलंस, हरामखोरा!”

“दुसऱ्या कुठल्या बंदुकीनं जमणार होतं?”

तिनं मला परत घरी नेलं. देणार नव्हतीच ती, आणि त्यानंही मागितलं नाही. पण त्यानंतर दर जूनला डॉयल आठवडाभर आधी रँचवर यायचा. दोघं टेबलाशी बसून पुंगळ्या भरायची. त्याच्या हातून मान चुरगळली की ती म्हणायची, “दुकानदाराचे हात!” रात्री जेवताना इतक्या गप्पा व्हायच्या की मला पुसायचं राहून जायचं. आता मी त्यांच्या गप्पांवर जळायला लागले. सवय जात नाही.

असं अकरा वर्षं चाललं. मग नेड्राच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्या शरदात एका दुपारी तिनं मला घोंगडीत गुंडाळलं, कॅस्परला नेलं आणि डॉयलच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

“घे. आधी तूच मागितली होतीस.”

“अगं, बाबांनी तुला दिली.”

“बाबांनी का दिली ते मला कळलं. तेवढं पुरे मला. आणि ते रिव्हॉल्व्हर आण इकडे. मलाही ते आधीपासून हवंच होतं, मी काय साध्वी नाही.”

आणि अशी मी डॉयलची झाले. ज्याच्यासाठी इतकी वर्षं झुरले, त्याची. त्याच्या घरात माझ्यासाठी काचेचं कपाट आहे, आत मऊ कापड आहे. दर गुरुवारी तो मला गावाबाहेरच्या मैदानावर नेतो. खोगीर नाही, घाम नाही, झाडू नाही. आता तरी मी सुखात असायला हवं ना?

पण रविवारी फोन येतो. नेड्रा मोठ्यानं बोलते, खोलीभर ऐकू येतं. “त्याला काल कोंबड्यांकडे घेऊन गेले होते. आज नदीवर. पट्टा बांधला की बरं वाटतं रे.” नदीवर! माझी नदी. माझा वारा. तो तिथं तिच्या कमरेला, आणि मी इथं काचेत, शेजाऱ्यांच्या गवत कापायच्या यंत्राचा आवाज ऐकत. एवढं सगळं कळल्यावरही मी फोन वाजला की जळते. आता या वयात माझ्यात सुधारणा होईल असं वाटत नाही.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणाला काही द्यायचं असेल, तर द्या, ज्याला हवं त्याला द्या. पण का दिलं ते जिवंतपणी त्याच्या तोंडावर बोला. ऑर्व्हिलचं एक वाक्य कळायला दोन माणसांची एकोणीस वर्षं गेली. माझी मी मोजत नाही.

गेल्या जूनमध्ये आम्ही चौघं पुन्हा मैदानावर होतो. नेड्राचा खांदा बरा झालाय. तिला बंदुकीच्या फेरीत उतरायचं होतं आणि तिच्याकडे बंदूक नव्हती. डॉयलनं काही न बोलता मला तिच्या हातात दिलं. तिनं लिव्हर खाली ओढली, वर घेतली, मला कानाशी नेलं आणि पुन्हा एकदा तसंच केलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

“डॉयल, हिची कडी सैल वाजतेय.”

“काही सैल नाही. परवाच तेल दिलंय.”

“तेल देऊन काय होतं? स्क्रू बघितलास का? माझ्याकडे होती तेव्हा असा आवाज कधी नव्हता.”

“तुझ्याकडे होती तेव्हा झाडूशेजारी होती!”

“झाडूशेजारी होती, पण वाजत नव्हती! दे तो स्क्रू ड्रायव्हर. आण म्हणते ना.”

“मी करतो. ती माझी आहे.”

“तुझी आहे म्हणून तर ही दशा!”

बर्डेटनं दोनदा नाव पुकारलं. दोघांनीही ऐकलं नाही. भरउन्हात दोन पांढऱ्या डोक्याची माणसं एका स्क्रूवरून हातघाईवर आली होती, एकानं माझा दस्ता धरलेला, दुसरीनं माझी रिकामी नळी. भाऊ नेड्राच्या कमरेवरून सगळं बघत होता, आणि त्याच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

तो स्क्रू खरंच सैल होता. पण तो आणखी थोडा वेळ कुणाला सापडू नये, असं मला वाटत होतं.